वाचल्या त्याही तुझ्याच

राजापेठ, अमरावती
१० डिसेंबर २०२५

प्रिय संघपाल,

जय भीम.

तुम्ही सगळे मजेत असाल असं लिहायची आपल्याला सवय आहे. पण तू मजेत नाहीस हे मला नीलमकडून कळलंय, म्हणून ते वाक्य आज गाळते. आम्ही इथं बरे आहोत. हे मात्र सवयीनं लिहिलेलं नाही. खरंच बरे आहोत, आणि मुख्य म्हणजे तेच सांगायला बसले आहे.

थंडी चांगली पडलीय. सकाळी गल्लीत शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांचा तोच कालवा. अमोलच्या क्लासात यंदा दहावीची बॅच मोठी आहे, त्यामुळं त्याचा घसा कायम बसलेला. मी जेवण झालं की गच्चीवर सावली पाहून बसते, कारण ऊन अजून मला जपूनच घ्यायचं आहे. केस परत आलेत. आधी सरळ होते, आता कुरळे आलेत. समोरच्या माणिकबाई परवा म्हणाल्या, "काय बाई, पार्लरले गेल्ता का?" मी हो म्हणून टाकलं. आईच्या गुडघ्याला त्या नव्या तेलानं फरक पडला का ते कळव. नीलमला म्हणावं, लोणचं पोचलं.

दोन महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज केला की अंगठा पाठवतोस. "जेवलास का?" अंगठा. "आई कशी आहे?" अंगठा. आधी वाटलं, कामाचा लोड असेल. वाऱ्यावादळात तारा तुटतात तेव्हा तुम्हा वायरमन लोकांना घर दिसत नाही, हे मला माहीत आहे. पण ऑक्टोबरपासून अकोल्यात एवढी कोणती वादळं झाली रे?

मग सहा तारखेला संध्याकाळी नीलमचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग एकदम रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, दरवर्षी सहा डिसेंबरच्या शिबिरात रक्त द्यायले पयले नाव यांचं असते. आज रांगेत उभे राहिले, नंबर आला, अन् निघून आले. घरी येऊन म्हनते, माहं रक्त आता कोनाले देऊ नये. ज्याले देलं त्याले ते खाऊन टाकते."

फोन ठेवला तरी माझ्या कानात ते वाक्य वाजत राहिलं. अमोलनं विचारलं काय झालं, तर मी कपाटातून कागद काढले. म्हणून हे पत्र. फोनवर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर आपण दोघंही "हं, हं" करून ठेवून देऊ. कागदावर तुला मला मधेच तोडता येणार नाही.

तर आता नीट ऐक.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या रक्तात कॅन्सर निघाला, तिथपासून तुला सगळं ठाऊक आहेच. नागपूरच्या रागिणी मॅडमनी सांगितलं होतं की औषधांनी हा दबेल, पण परत येईल. सख्ख्या भावाबहिणीचा बोनमॅरो जुळला तर मुळातून जायची आशा आहे. मी तुला फोन केला तेव्हा तू खांबावर होतास. म्हणालास, "खांबावर आहो ताई. उतरतो अन् निघतो." दुसरं काही विचारलं नाहीस. कशासाठी, किती दुखेल, सुट्टी मिळेल का, काहीच नाही. तपासणी जुळली त्या दिवशी तू हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून अख्खा डबा एकट्यानं संपवला होतास, आठवतं? मग ती पेशी वाढवायची इंजेक्शनं. तुझी हाडं ठणकत होती आणि तू आईला सांगत होतास की मोटरसायकलनं कंबर धरली. दोन्ही हातांत सुया घालून तुला त्या मशीनला जोडलं, आणि शेवटी ती लालसर पिशवी पाहून तू म्हणालास, "एवढंसंच? मले वाटलं बादली भरन." नर्स हसली होती. मी काचेच्या पलीकडून पाहत होते. मला तेव्हा हसताही येत नव्हतं, रडताही येत नव्हतं.

ती पिशवी माझ्या अंगात चढली. तुझ्या पेशी माझ्या हाडांत जाऊन बसल्या आणि नवं रक्त तयार करायला लागल्या. सगळे म्हणाले, काम झालं. झालंच होतं.

पुढचं तुला सांगितलं नाही. जानेवारीत माझे तळहात आणि तळपाय लाल झाले, मग पोट बिघडलं, ते काही केल्या थांबेना. तुला आम्ही सांगितलं की औषधाची ॲलर्जी आहे. ॲलर्जी नव्हती. तुझ्या ज्या पेशी माझ्यात आल्या, त्यांत लढणाऱ्याही असतात. बाहेरचं जंतूबिंतू काही आलं की त्याच्याशी लढणं हे त्यांचं काम. आता विचार कर, त्या तुझ्या घरात वाढलेल्या. एकदम माझ्या घरात आल्या. त्यांना माझी कातडी, माझं पोट, सगळंच परकं वाटलं. बोनमॅरो घेतलेल्या पुष्कळ लोकांना असं होतं. मॅडमनी आधीच सही घेताना समजावलं होतं. मला स्टेरॉइड सुरू केलं, तोंड फुगून लाडवासारखं झालं, पण पोट शांत झालं. म्हणून वाटलं, कशाला तुला सांगायचं. तू तिकडं खांबावर चढणार, डोक्यात हे घेऊन.

मधे एक गंमत सांगते. माझ्या रक्ताची एक तपासणी असते, त्यात बघतात की पेशी कोणाच्या, माझ्या की देणाऱ्याच्या. रिपोर्टमध्ये आलं, सगळ्या पेशी पुरुषाच्या. माझा रक्तगटही बदलून तुझा झालाय. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हनजे आता मले दोन पोरंच झाले म्हनायचे!" आणि मग गंभीरपणे विचारते, "पण मिशा तं नाई येनार न वं?"

असो. मे महिन्यापासून दुसरं सुरू झालं. तोंडात फोड. डोळे कोरडे, वाळू गेल्यासारखे. मग हातांची कातडी हळूहळू ताठ व्हायला लागली. सकाळी उठले की मनगटं आणि बोटं आखडलेली. वेणी घालायला हात मागं जात नव्हते, पण वेणी घालायला केसच नव्हते, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही. नीलम ऑक्टोबरमध्ये अचानक आली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी अकोल्याला आले नाही म्हणून रागानं निघून आली होती, तेव्हा तिला मी अशी दिसले. तोंड दोन बोटंही जाणार नाहीत एवढंच उघडत होतं. अमोल मला वरणाचं पाणी पाजत होता. तिनं विचारलं, हे कशानं झालं? अमोल त्या दिवसांत फार थकलेला होता. तो म्हणाला, "संघपालच्या पेशी उठल्या तिच्या अंगावर." त्याच्या मनात वाईट नव्हतं रे. डॉक्टर जे म्हणाले तेच त्यानं सोप्या भाषेत सांगितलं. पण ते वाक्य बसनं अकोल्याला पोचलं आणि तुझ्या घरात जाऊन बसलं.

इथपर्यंत लिहून मी उठले, चहा केला, कुंडीला पाणी घातलं, आधीच घातलेलं होतं तरी. कारण आता जे लिहायचं आहे ते अमोललाही मी नीट सांगितलेलं नाही.

संघा, एवढं वाढलं ते तुझ्या पेशींमुळं नाही. मी लपवलं म्हणून वाढलं.

तुझ्यापासून लपवलं, ते तर सांगितलंच. मी डॉक्टरांपासून लपवलं. मे, जून, जुलै. दर महिन्याला नागपूरला जायचे, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून. मॅडम विचारायच्या, "काही त्रास?" मी म्हणायचे, "नाही, छान आहे." त्या म्हणायच्या, तोंड दाखवा. मी म्हणायचे, काल मिरची खाल्ली, म्हणून आलंय. ओपीडीत गर्दी, त्यांच्यापुढं माझ्याहून वाईट अवस्थेतले चार पेशंट. रक्ताचे रिपोर्ट चांगले. त्या विश्वास ठेवायच्या.

असं का केलं? तिथं रांगेत मोर्शीकडची एक बाई भेटली होती, नवऱ्याला घेऊन आलेली. तीही दोन वर्षं ह्याच चक्रातून जात होती. ती म्हणाली, "तुमाले तरास होऊन राहिला न? चांगलं आहे बाई. जितका तरास, तितका क्यान्सर दूर. आमच्या शेजारच्या खाटेवरच्याले काहीच तरास नोता, सहा महिन्यात आजार वापस आला." मी मॅडमना आडून विचारलं, हे खरं का? त्या म्हणाल्या, काही अंशी खरं आहे, ज्या पेशी तुमच्या अंगाला त्रास देतात त्याच उरलासुरला कॅन्सरही शोधून मारतात.

झालं. माझ्या डोक्यानं तेवढंच धरलं. मला वाटलं, मी त्रास सांगितला की त्या औषध देणार, औषधानं तुझ्या पेशी थंड पडणार, आणि कॅन्सर परत येणार. मग तुझी ती इंजेक्शनं, तुझं ते पायऱ्यांवर बसणं, सगळं वाया. तू दिलेलं मी वाया घालवलं असं व्हायला नको होतं मला. म्हणून मी गप्प बसले. फोडांवर तूप लावायचे आणि मनात म्हणायचे, लढा बाबा, लढा. मास्तरीण आहे मी, रोज पोरांना सांगते की समजलं नाही तर हात वर करा. आणि स्वतः?

ऑगस्टमध्ये अमोलनं मला पेल्याशी झटताना पाहिलं. पेला धरायला मूठच मिटत नव्हती. त्यानं माझी बाही वर केली आणि कोपरापासून मनगटापर्यंत कातडी पाहिली. चकचकीत, ताणलेली, चिमटीत न येणारी. त्यानं फोन घेतला. गाडी सांगितली आणि त्याच दिवशी आम्ही नागपूरला गेलो.

रागिणी मॅडम शांत बाई आहेत, पण त्या दिवशी चिडल्या. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मायाताई, त्रास म्हणजे औषध नव्हे. हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी सगळं सांगितलं, तुझ्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग मला त्यांनी जे समजावलं, ते तुलाही सांगते, कारण तुला तेच ऐकायची गरज आहे.

तुझ्याकडून आलेल्या पेशींत नुसत्या लढणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यासोबत आणखी एका जातीच्या पेशी आल्या, थोड्याच असतात. त्यांचं काम लढणाऱ्यांना आवरणं. बस झालं, हे आपलंच आहे, मागं फिरा, असं सांगणं. निरोगी माणसाच्या अंगात ह्या असतात म्हणूनच आपलं रक्त आपल्याला खात नाही. पण त्यांची एक अडचण आहे. जगायला जे लागतं ते त्यांना स्वतः तयार करता येत नाही. लढणाऱ्या पेशी जे काही सोडतात त्यावर त्या जगतात. आणि अंगात सारखी आग असली, महिनोन्‌महिने, तर आधी ह्याच मरतात. लढणाऱ्या टिकतात, आवरणाऱ्या संपत जातात. मग लढणाऱ्यांना थांबवायला कोणी उरत नाही. माझ्यात तेच झालं होतं. तपासणी केली तर आवरणाऱ्या अगदी चिमूटभर निघाल्या. मे महिन्यात सांगितलं असतं तर एवढ्या मेल्या नसत्या.

मी विचारलं, "मग त्या वाढवता येतील?"

त्या म्हणाल्या, येतील कदाचित. एक औषध आहे, मोठ्या डोसमध्ये ते लढणाऱ्यांना चेतवतं. पण अगदी लहान डोस दिला तर लढणाऱ्यांना तो पुरत नाही, आणि ह्या आवरणाऱ्यांना मात्र तेवढाच पुरतो. त्या मरायच्या थांबतात. आपल्याकडं फार थोड्या लोकांना दिलंय, सगळ्यांना लागू पडतच असंही नाही. आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जिची मला भीती होती. कॅन्सर असतो तिथं ह्याच आवरणाऱ्या पेशी उलट त्याच्या कामी येतात. तिथं त्या मरत नाहीत, पोसल्या जातात, आणि कॅन्सरला मारायला आलेल्यांनाच अडवून धरतात. म्हणजे फार कमी झाल्या तर अंग जळतं, आणि फार झाल्या तर कॅन्सरला आडोसा मिळतो.

"म्हणजे मी बरोबरच घाबरले होते," मी म्हटलं.

"घाबरलात ते बरोबर," त्या म्हणाल्या. "लपवलंत ते चूक. हा तोल सांभाळणं माझं काम आहे, तुमचं नाही. तुमचं काम फक्त मला खरं सांगणं."

मी बाहेर येऊन अमोलला विचारलं, काय करू? तो म्हणाला, "मला तू पेला धरताना दिसायला पाहिजेस." एवढंच. मी सही केली.

सप्टेंबरपासून रोज एक लहानसं इंजेक्शन, पोटाच्या कातडीत. अमोलच द्यायचा. गणिताचा मास्तर, पहिल्या दिवशी सुई धरून इतका वेळ जागाच शोधत बसला की मीच म्हटलं, आण इकडं. मग शिकला. जिथं टोचलं तिथं गांधी उठायच्या, अंगात कणकण यायची. नीलम आली ते ह्याच दिवसांत, सगळ्यात वाईट दिवसांत; फरक पडायला अजून सुरुवात झाली नव्हती. त्यानंतर आठवडाभरात एका सकाळी दात घासताना ब्रश आतपर्यंत गेला. मी आरशात पाहत राहिले. पुन्हा घालून पाहिला. गेला. अमोलला हाक मारली तर तो धावत आला, त्याला वाटलं मी पडले.

मग हळूहळू. आधी तोंड, मग डोळे. कातडी सगळ्यात हट्टी, पण तीही सैल व्हायला लागली. दिवाळीनंतर राजापेठेत केशरबाईच्या हातगाडीशी थांबले. मोर्शीची संत्री आली होती, ढीगच्या ढीग. उन्हाळ्यापासून लिंबू-संत्र्याचं नाव काढलं तरी तोंडाची आग व्हायची. एक सोललं आणि तिथंच उभ्यानं एक फोड तोंडात टाकली. वाट पाहिली. आंबट होती, आणि काही झालं नाही. केशरबाईला काय ठाऊक. ती म्हणाली, "आंबट आहे का वं बाई? दुसरं देऊ?" मी तिथं उभी राहून अख्खं संत्रं खाल्लं आणि डोळे पुसले. तिनं मला वरून दोन फुकट दिली, बहुतेक घाबरून.

पण खरी धाकधूक पुढंच होती. नोव्हेंबरच्या शेवटी मॅडमनी परत बोनमॅरो तपासायला घेतला. आवरणाऱ्या पेशी वाढल्या हे दिसतच होतं. प्रश्न होता, त्यांच्या आडून ते दुसरं तर परत आलं नाही ना. रिपोर्ट यायला वेळ लागला. ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही. मी कपाटातल्या साड्यांच्या घड्या मोडून परत घातल्या.

मॅडमनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "मायाताई, कॅन्सरची एकही पेशी दिसत नाही. सगळं रक्त तुमच्या भावाचं. आणि शांत." मी विचारलं, शांत म्हणजे? त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या लढणाऱ्या पेशी आहेत, नजर ठेवून आहेत, पण आता तुम्हाला ओळखतात."

अजून काही महिने तपासण्या चालतील, इंजेक्शन हळूहळू कमी करत बंद करतील. बोटं अजून थोडी आखडतात सकाळी. पण हे पत्र मी माझ्या हातानं लिहिलंय. अक्षर बघ. पहिल्या पानापेक्षा हे पान वाकडं आहे, ते दुखलं म्हणून नाही, घाईनं लिहितेय म्हणून.

आता तुझ्या रक्ताचं. काल मी मॅडमना फोन करून मुद्दाम विचारलं. त्या आधी हसल्या, मग हळव्या झाल्या. म्हणाल्या, त्यांना सांगा, त्यांच्या रक्तात काहीही खोट नाही. त्यांच्या अंगात त्या पेशी शहाण्यासारख्याच वागतात. त्यांना नवं घर मिळालं, आणि त्या घराची मालकीण काही सांगायला तयार नव्हती, म्हणून हे झालं. शिबिरात कोणाला रक्त दिलं तर त्याचं असलं काही होणार नाही, तिथं सगळं तपासून, गाळूनच देतात. तरी मनात शंका असेल तर त्या तुझ्याशी स्वतः बोलायला तयार आहेत.

आणि मला जे म्हणायचं आहे ते हे. ज्यांनी मला त्रास दिला त्या तुझ्या पेशी, हे तू ऐकलंस. अर्धंच ऐकलंस. ज्यांनी त्यांना आवरलं त्या कोणाच्या होत्या? माझ्या रक्तात माझी तर एकही पेशी उरली नव्हती रे. बाहेरून कोणाच्या आणल्या नाहीत. चिमूटभर राहिल्या होत्या, मरता मरता वाचल्या, त्यांनीच मला वाचवलं. त्याही तुझ्याच. कॅन्सर मारणाऱ्या तुझ्या, आग विझवणाऱ्याही तुझ्याच. मी फक्त वेळेवर बोलायचं होतं, तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

तर तू दोन महिने जे डोक्यात घेऊन फिरतोस ते आता उतरव. खांबावर चढताना तरी नक्कीच. आईला हे पत्र वाचून दाखव. माझ्या लपवण्याचा भाग गाळलास तरी चालेल. नाही, नको गाळूस. वाच.

मी जगले आहे, संघा. बरी आहे. हे तुला माझ्याकडून कळावं, दुसऱ्या कोणाकडून नाही, म्हणून एवढं लांबलं.

तुझी ताई,
जिच्या अंगात आता सगळं तुझंच रक्त आहे,
माया


अकोला
१५ डिसेंबर २०२५

ताई,

जय भीम.

मी पत्र कधी लिवलं नाई. शाळेत मुख्याध्यापकाले सुट्टीचा अर्ज लिवला असन तेवढाच. चुका काढू नको.

तुहं पत्र आलं तवा मी ड्युटीवर होतो. नीलमनं फोन केला का ताईचं पत्र आलं, जाड आहे. मले वाटलं, झालं. जाड पत्र कोन लिवते? साहेबाले न सांगता गाडी काढली. घरी आलो, हेल्मेट बी नाई काढलं, तसाच पाकीट फोडून उभा राहिलो. पयले मागचं पान पाह्यलं. तुहं नाव तुह्याच हातचं दिसलं, तवा हेल्मेट काढलं अन् खाली बसलो.

मंग आईले वाचून दाखोलं. तू सांगतलं तसं, काही गाळलं नाई. तू डॉक्टरनीपासून लपोलं ते आलं तवा आई मधातच उठून आत गेली. मी वाचनं थांबोलं. बाहीर आली तं डोये पुसलेले. म्हने, "ते लहानपनापासून तशीच हाय. पायात काटा मोडला तरी लंगडत शायेत जाये, पन सांगे नाई. तू वाच पुढं." मंग संत्र्याचं आलं तवा हासली. तुह्या डॉक्टरनीचं 'आता तुम्हाला ओळखतात' ते वाक्य मले तीन खेप वाचाले लावलं.

ताई, मले राग आला. लय आला. वाया जाईन म्हनते. अवं, मी तुले ते काऊन देलं? तू जगावी म्हनून देलं. तू तोंड दाबून बसशीन अन् मी देलेलं जपून ठेवशीन, भांड्याकुंड्यावानी, त्याच्यासाठी नाई देलं. आजार वापस आला असता तं मी पुन्हा देलं असतं. दोन्ही हात तिथंच आहेत माहे.

पन मी बी काय शहाना. तुले खरं सांगतो, नीलमले बी नाई सांगतलं. मी फोन उचलत नोतो ते नुसतं लाजेनं नाई. तुहा नंबर वाजे तवा मले वाटे, आता पलीकडून भाऊजीचा आवाज येईन, अन् ते सांगतीन. नाई उचलला तं ते झालंच नाई. असं धरून चालून राहिलो होतो मी. तुहा मेसेज आला का अंगठा पाठवो, मंग मी जेवो. रोज असंच. तुले वाटे मी रुसलो, अन् मी इकडं तू हाय का नाई ते पाहून राहिलो होतो.

रातभर झोपलो काल. आई म्हने, घोरत होता.

रविवारच्या पॅसेंजरनं येऊन राहिलो, आई, नीलम अन् मी. डॉक्टरनीचा नंबर घेऊन ठेव, मले तिले दोन शब्द बोलाचे आहेत, चांगले. तुले काय चालते काय नाई ते नीलमले सांग, ते तसंच करून आनते.

अन् आल्यावर पयले तू मले बोल, फोन नाई उचलला म्हनून, काय बोलाचं ते. मंग मी तुले बोलतो. आवाज होईन, शेजारच्या बाईले आधी सांगून ठेव. भाऊजीले म्हन, मधात पडू नका. दोघाचंही बोलून झालं का मंग जेवू.

तुहा लहाना भाऊ, आता फोन उचलनारा,
संघपाल